साठ वादकांतले काका

होळीनंतरचा पहिला रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम चार हजार दोनशे रुपये, दोन रेकॉर्डांच्या संचाची, घरपोच. हजर चौघं: मी, माझी बायको, काका आणि काकू. प्लेअर मेहुण्याकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेला, म्हणून तो खर्चात धरलेला नाही.

काका छावणीत राहतात. लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. त्याआधी ते दीड वर्ष मुंबईत होते आणि तिथं एका सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात एक दिवस वाजवून आले, असं त्यांचं म्हणणं. सिनेमा जुन्या संस्थानातला. खून, तळघरं, फाशी. अडीच तासांत एकदाही ऊन पडत नाही. वादकांची नावं पडद्यावर नव्हती. घरच्या कॅसेटवर खरखर एवढी, की साठ माणसं वाजवताहेत की पत्र्यावर गारा पडताहेत, ते ठरवता येत नसे. त्यामुळे काकूंचं मत लग्नापासून कायम होतं: "स्टुडिओबाहेर चहा पिऊन आले असतील."

आता त्याच संगीताची खरखर काढून, ते रिमास्टर करून नव्यानं बाजारात आलं होतं. काकांचा उजवा कान गेलेला. डाव्याबद्दल डॉक्टर वर्षभरापलीकडचं बोलायला तयार नव्हते. आपलं वाजवणं काकूंनी ऐकावं, आणि आपल्याला ऐकू येतंय तोवर ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिल्या रेकॉर्डची दुसरी बाजू लावली. काका डावा कान स्पीकरकडे करून बसले. "व्हायोलिनं थांबली की मी येतो बघ."

व्हायोलिनं थांबलीच नाहीत. बाजू संपली. क्लॅरिनेट कुठंच नव्हतं.

"आलात का?" काकूंनी विचारलं. "का अजून चहाच चाललाय?"

"परत लाव रं," काका मला म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

परत लावलं. या खेपेला बायको म्हणाली, "व्हायोलिनच्या मागं हे टक टक काय आहे?"

मी सोबतची पुस्तिका उघडली. चोवीस पानं, गुळगुळीत कागद. या टक टकीवर दीड पान होतं. तळघराच्या पायऱ्या उतरणाऱ्या जल्लादाची ही पावलं, लोखंडावर लोखंड. संगीतकाराच्या प्रतिभेचा कळस, वगैरे. साठ वादकांची नावं छापायला मात्र जागा उरली नसावी.

"जल्लाद?" काकू पुढं सरकल्या. "थांबा. हा पाय ह्यांचा हाय. जेवताना रोज हेच. तीन हलके आन् चौथा दाबून. लई वर्षं ऐकते मी."

काका मग खरं काय ते बोलले. वरातीत चालत वाजवायची सवय. डावा पाय पडल्याशिवाय मात्राच मोजता येत नसत. आपली पाळी येईपर्यंतचा विसावा इतर वादक मनात मोजायचे, हे पायानं. बूटही बँडचेच, टाचेला नाल ठोकलेले. दोनदा दम मिळाला, तरी पाय थांबेना. मग यांचं क्लॅरिनेट बंद करायला सांगितलं, पण मोजणारा पाय चालूच राहिला. स्टुडिओची वेळ संपत आली होती, म्हणून तोच टेक ठेवला. सिनेमात मात्र आधीचा, क्लॅरिनेट असलेला घेतला असेल, अशी काकांना इतकी वर्षं आशा होती.

"आन् दिवसाच्या नव्वद रुपयांतले वीस कापले, आवाज केला म्हणून," काका म्हणाले. "हे तुला कसं सांगू?"

"म्हंजे होतात तिथं."

"व्हय. पण ह्यात वाजवलं नाय."

"मग हे दीड पान कुणावर लिवलंय?" काकूंनी मला सुई मागं न्यायला सांगितली आणि तो भाग तिसऱ्यांदा ऐकला. मग उठून आतून पाकीट आणलं.

एकूण अदा: रुपये वीस फक्त, दहाच्या दोन नोटा, काकूंकडून काकांना. काकांनी त्या उजेडात धरून पाहिल्या आणि खिशात घातल्या.