‘नाही म्हटलं तर थांबायचं’

“नाटकं करतीय ती पोर, दुसरं काय नाय,” जीपच्या मागच्या सीटवरून सिस्टर म्हणाल्या.

त्या मंचरला चढल्या होत्या. घोडेगाव मागे पडलं, शिनोलीला मोबाईलची रेंज संपली आणि पुढे भाताची खाचरं लागली. पुढच्या सीटवर पुण्याचे मोठे डॉक्टर, आमचे सर, डुलक्या घेत होते. एका आश्रमशाळेत ते आरोग्य कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण घेणार होते आणि एका मुलीला तपासणार होते; मला त्यांनी अहवाल लिहायला आणलं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठीत बोलायचं तर आधी मनात वाक्य जुळवते. तोवर विषय निघून जातो.

ती पोर म्हणजे त्या आश्रमशाळेतली (आदिवासी मुलांची निवासी शाळा) सातवीतली मुलगी. दार जोरात आपटलं की ती ताठ होऊन पडायची. तपासण्यांत काही निघालं नव्हतं. सरांनी ‘ढोंग’ लिहिलं, तर मुख्याध्यापक तिला घरी पाठवणार होते. आणि हे सगळं सुरू झालं होतं ते घरीच. तिथे काय घडलं ते मी इथे लिहिणार नाही.

शाळेच्या हॉलमध्ये तालुक्यातले डॉक्टर, सिस्टर, औषधं देणारे, आरोग्यसेवक, सगळे एकाच सतरंजीवर बसले. असं एकत्र शिकायची कुणालाच सवय नव्हती. डॉक्टर मांडी घालताना कण्हत होते. सर सुंदर बोलले. त्यांनी सांगितलेला पहिला नियम मी तक्त्यावर लिहून भिंतीला लावला: ‘मुलाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नाही म्हटलं तर थांबायचं.’

जेवणात मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण) होती. मी ताट दूर सरकवलेलं पाहून सिस्टर हसल्या. “खा की ताई! मासा नाय त्यात. नावालाच घाबरता व्हय?” मी दोन खाल्ल्या. तिसरी त्यांनी न विचारता वाढली.

जेवणानंतर सरांनी त्या मुलीला बोलावलं. तीस जणांसमोर तिच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “सांग बाळ, घरी काय झालं?”

मुलगी भिंतीकडे बघत राहिली. मग तिने माझा तक्ता एकेक शब्द करत मोठ्याने वाचला.

“मला कुनी इचारलं नाय,” ती म्हणाली. “इचाराल तर माझं नाय हाय.”

कुणीतरी खोकलं. सर हसले. “हुशार आहे! बरं, कुणीतरी ते दार जरा जोरात लावा. प्रत्यक्षच पाहू.”

सिस्टर उठल्या. मला वाटलं, लावायला निघाल्या. त्यांनी जाऊन उघड्या दाराला पाठ टेकवली.

“दार लागायचं नाय, सर,” त्या म्हणाल्या. “चल गं बाय, भाईर जाऊ.”

दोघी अंगणात गेल्या. मी पेन हातात धरून बसून राहिले. मनात वाक्यच जुळवत होते, याची लाज मला अजून आहे.

परतीच्या वाटेवर डोंगर निळे होत गेले. शिनोली आली तसे सर मागे वळले. “लिहून घे. मुलीने सहकार्य केलं नाही. लक्षणं दिखाऊ आहेत.”

मी वही मिटली. या वेळी वाक्य जुळवत बसले नाही.

“हे मी लिहिणार नाही, सर. ती नाही म्हणाली आणि आपण थांबलो नाही, हे लिहीन.”