गॅलरीवाली खोली

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या खर्चाला कात्री लावली आणि त्याचा पगार घेतला. जळगावातल्या एका पाइपच्या कारखान्यात मी अकाउंट्सला होतो. कोणी नवं टेबल मागितलं, की जुन्याचा मोडका पाय बसवून घेता येईल का, हे आधी बघणारा एक माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. आमच्याकडे तो मी होतो. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी मला 'काटेकोर' म्हटलं. मागच्या रांगेतून कोणीतरी त्यापेक्षा सोपा शब्द वापरला, तोही मला ऐकू आला.

त्यामुळे बायकोनं क्रूझवर जायचंय असं सांगितलं तेव्हा मी घाबरलो नाही, उलट माझे हात शिवशिवले. तिचं माहेर सोनगीरजवळच्या एका खेड्यातलं. लग्नाआधी तिनं डोक्यावरून पाणी आणलं, लग्नानंतर जळगावात नळाच्या वेळा सांभाळल्या. माझ्या बायकोनं कधी काही मागितलं नाही, असं मी चारचौघांत कौतुकानं सांगायचो, जणू त्यात माझंच काही कर्तृत्व होतं. या वेळी तिनं मागितलं. भाचीच्या मोबाइलवर तिनं एक फोटो पाहिला होता. जहाजातली खोली, खोलीला गॅलरी, गॅलरीत दोन खुर्च्या आणि समोर नुसता समुद्र.

"मला तिथं बसून सकाळचा चहा प्यायचाय," ती म्हणाली. "मी न केलेला. कपसुद्धा मी विसळणार नाही. बाकी मग तुम्ही कुठं फिरवा, नका फिरवू."

इतकी नेमकी मागणी आमच्या ऑफिसात एकाही खात्यानं कधी केली नव्हती. मी लगेच हो म्हटलं आणि कॉम्प्युटर उघडला.

एक मुदत ठेव पिकली होती. तेवढ्यात सगळं बसवायचं, त्याच्यावर एक रुपया नाही, अशी मी मर्यादा घातली. मर्यादा घालताना मला जो आनंद होतो तो लोकांना बहुधा लग्नाच्या पंक्तीत होत असावा. मुंबईहून निघून गोव्याला जाऊन परत, अशी सहल निवडली. जाहिरातीतला आकडा पाहून मी मनाशी हसलो. तो आकडा नुसता जहाजावर पाय ठेवण्याचा होता. त्याच्यावर बंदराचं शुल्क, त्याच्यावर कर, मग माणशी रोजचं सेवाशुल्क, जे खुशीचं म्हणतात पण सक्तीनं घेतात. जेवण फुकट, पण सरबत विकत. इंटरनेट वेगळं. गोव्यात उतरून फिरायचं तर त्याची गाडी वेगळी. मुंबईपर्यंत रेल्वे, आदल्या दिवशीचं हॉटेल, तिथून बंदरापर्यंत टॅक्सी, विमा, समुद्र लागला तर गोळ्या. गोळ्यांचा भाव मी आपल्या इथल्या मेडिकलमध्ये जाऊन विचारून आलो. शिवाय शेवटी 'अकल्पित खर्च' असा एक रकाना ठेवला, कारण अकल्पिताचीही आधीच कल्पना असणं हीच तर आमच्या धंद्यातली शान.

सगळ्याची बेरीज मर्यादेच्या वर गेली.

मी दोन-तीन दिवस ती यादी खालून वर आणि वरून खाली वाचली. कर कापता येत नव्हता. रेल्वे कापता येत नव्हती. अकल्पित कापणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. राहिली गॅलरी. गॅलरीवाली खोली आणि आतली, खिडकी नसलेली खोली यांच्या भाड्यात जो फरक होता, तो गेला की सगळं मर्यादेत बसत होतं आणि अकल्पिताच्या रकान्यात बरी रक्कम उरत होती.

"समुद्र डेकवरून सगळ्यांना सारखाच दिसतो," मी बायकोला समजावलं. "खोलीत काय, आपण झोपायलाच जाणार. झोपलेल्या माणसाला गॅलरीचा काय उपयोग?"

ती भाजी निवडत होती. "बरं," म्हणाली.

तिच्या 'बरं'चे अर्थ मला इतक्या वर्षांत कळायला हवे होते, पण मला तेव्हा तो होकार वाटला. मी त्याच दुपारी ट्रॅव्हल्सवाल्याकडे जाऊन आतली खोली बुक केली.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण एवढी हुशारी घरात दाबून ठेवणं मला जमेना. मेहरूण तलावावर सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींना मी रोज थोडं थोडं शहाणपण पाजळलं. त्यानंतर 'क्रूझचा पूर्ण खर्च : लोक कुठे फसतात' असा एक लांबलचक मेसेज लिहून सगळ्या ग्रुपवर टाकला. सगळ्या म्हणजे त्यात बायकोच्या माहेरच्या भाऊबंदांचाही ग्रुप आला. कोणाकोणाचे अंगठे आले, मी खूश झालो. तो मेसेज लोकांनी सल्ला म्हणून वाचला असेल असं मी धरून चाललो होतो. माहेरच्यांनी तो आमंत्रण म्हणून वाचला.

निघायच्या आधीच्या रविवारी सकाळी आमच्या दारात एक क्रूझर जीप थांबली आणि तिच्यातून माणसं उतरतच राहिली. पुढे बायकोचे थोरले भाऊ. त्यांना मी नाना म्हणतो. मागे वहिनी, चुलत भाऊ, त्यांच्या बायका, साक्रीची एक मावशी. प्रत्येकाच्या हातात पिशवी होती.

"पाव्हना," नाना खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मन्ही बहीन समुंदरमा चालनी आनि माले मोबाइलमा समजस?"

मग मला कळलं काय झालंय ते. आमच्याकडे कोणी लांबच्या यात्रेला निघालं, की भाऊबंद त्याला वाटे लावायला येतात. बाईची ओटी भरतात, पुरुषाला टोपी-टॉवेल देतात, नारळ देतात. आणि ज्याला असं वाटे लावलं, त्यानं सुखरूप परत आल्यावर त्या सगळ्यांना बोलावून जेवू घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. हे मी लहानपणापासून बघत आलोय, अशा जेवणावळीत पोटभर जेवलोय. पण ते काशीला जाणाऱ्यांचं. जिथं कॅसिनो आणि पोहायचा तलाव आहे अशा जहाजाला ते लागू होईल हे माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. मी तसं नानांना हळूच सुचवून पाहिलं.

"गंगा बी पानीच शे ना," नाना म्हणाले. "हाई तर त्याथीन मोठं."

त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. मागून कॉलनीतले शेजारीही आले, कारण जीप पाहून त्यांनाही आपण मागे राहिल्यासारखं वाटलं. तासाभरात आमच्या दिवाणावर नारळांचा ढीग झाला. बायको पाटावर बसली होती, बाया तिची ओटी भरत होत्या. ती लाजत होती आणि मनापासून खूश होती. हे मी आवर्जून सांगतो, कारण पुढचं सगळं समजायला ते लागतं.

तेवढ्यात ट्रॅव्हल्सवाल्या पोराचा फोन आला. कोणीतरी बुकिंग रद्द केल्यानं एक गॅलरीवाली खोली मोकळी झाली होती. फरक आता पहिल्यापेक्षा कमी पडणार होता, पण लगेच सांगायला हवं होतं. मी फोन कानाला लावून उभा होतो आणि समोर नाना सगळ्यांना सांगत होते, की मावंद्याला सोनगीरकडून दोन गाड्या येतील, साक्रीकडची माणसं वेगळी, आणि बट्ट्या करायला त्यांच्या ओळखीचा आचारी आहे, त्याला त्यांनी सांगूनही ठेवलंय. माझ्या डोक्यात अकल्पिताचा रकाना उघडला. त्यात एकच गोष्ट बसत होती. एकतर गॅलरी, नाहीतर मावंदं.

दोन्ही करता आलं असतं. बँकेत पैसे होते. मर्यादा मीच घातली होती आणि ती मोडली असती तर जगात फक्त मला कळलं असतं. पण तेवढ्यासाठीच ती मोडवेना. आणि भाऊबंदांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. फोनमधला पोरगा "काका, करू का?" असं विचारत होता.

"नको," मी म्हणालो. "गॅलरी नको. आहे ती खोली राहू दे."

हळू बोलायचं मला सुचायला हवं होतं. बाकीचे मावंद्याच्या बोलण्यात रंगले होते, पण पाटावरून बायकोनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग वहिनी कुंकू लावायला पुढे झाल्या आणि तिनं कपाळ पुढे केलं.

सहल ठरल्याप्रमाणे झाली. समुद्राला वाहायला म्हणून नानांनी बजावून दिलेला एक नारळ बंदरावरच्या तपासणीत काढून घेतला, तेवढी एक तूट सोडली तर सगळं कागदावरच्यासारखं. आमची खोली चांगली होती. पलंग, दिवे, थंडगार हवा, चार भिंती. दिवा मालवला की पहाट आहे का मध्यान्ह हे कळायला घड्याळ लागायचं. भिंतीवर टीव्ही होता आणि त्याच्या एका चॅनलवर जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातला समुद्र सतत दिसायचा.

"हा बघ," मी उत्साहानं म्हणालो. "खोलीत बसून समुद्र. याचे वेगळे पैसे नाहीत."

ती पलंगाच्या काठावर बसून थोडा वेळ टीव्ही बघत राहिली. "बरं," म्हणाली.

पहिल्या सकाळी मी तिच्यासाठी चहा आणायला गेलो. चहा वरच्या मजल्यावर, खोली खालच्या, मध्ये लिफ्टला रांग. चहा म्हणजे गरम पाण्यात सोडायची पुडी. मी कागदी पेला सांभाळत येईपर्यंत त्यातली गरमी गेली होती आणि थोडा चहा माझ्या शर्टावर होता. तिनं तो एका दमात पिऊन टाकला, कोमट असल्यामुळे तेही जमलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही डेकवर गेलो, तर एकूण एक खुर्चीवर आधीच कोणाचा ना कोणाचा टॉवेल होता. गुजराती मंडळींची एक मोठी टोळी आमच्याही आधी उठून गेली होती. कठड्याशी उभ्यानं तिनं चहा घेतला. वारा जोराचा होता, डोक्यावरचा पदर आणि पेला दोन्ही एका वेळी धरणं तिला जमत नव्हतं. तिथून परतताना आमच्या वरच्या मजल्यांवरच्या गॅलऱ्या ओळीनं दिसल्या. एकीत एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाईनं पाय समोरच्या स्टुलावर ठेवले होते.

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं. तरी मी तोंडानं काय म्हणालो, तर सरबताच्या कुपनातले अजून थोडे पैसे शिल्लक आहेत, ते संपवायला हवेत.

जळगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा खर्च बरोबर मर्यादेत होता. हे मी रिक्षात तिला सांगितलं. ती रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगत होती.

मावंदं कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये झालं. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, लाडू. सोनगीरकडून दोन नव्हे, तीन गाड्या आल्या आणि अकल्पिताचा रकाना भाजीतच बुडाला. लाडवांसाठी मी ती मर्यादा शेवटी मोडली, गुपचूप, बँकेत जाऊन. काहीही झालं नाही. आकाश कोसळलं नाही, कोणी विचारलंसुद्धा नाही. मोडायची एवढी सोपी होती तर महिन्यापूर्वी का नाही मोडली, याचं उत्तर मला बँकेच्या रांगेत मिळालं नाही आणि अजूनही मिळालेलं नाही.

मी तूप वाढत होतो. बायकांच्या पंक्तीत माझी बायको मधोमध बसली होती, नवी साडी नेसून. सगळ्यांनी तिला तिथं आग्रहानं बसवलं होतं. मी त्यांच्या मागून येत होतो तेव्हा वहिनींनी तिला विचारलं, "आनि त्या चहानं काय झायं वं? निंघाना पहिले सांगी ऱ्हायंती ना तू, गॅलरीमा बसीसन चहा पिसू म्हनीसन."

माझ्या हातातला तुपाचा चमचा तिथंच थांबला. ती आता खरं सांगेल, आणि एवढी पंक्त ते ऐकेल, आणि ऐकायलाच हवं, असं मला वाटलं. पुढच्या पंक्तीतून नानाही कान देऊन ऐकत होते.

"व्हती ना गॅलरी," बायको म्हणाली. "खोलीलेच व्हती. दोन खुर्च्या. सकायले पोऱ्या कपबशीमा चहा लई ये. मी करेल नही, कप बी धोयेल नही. बठ्ठं यासनीच करं." सगळं म्हणे मीच केलं.

नाना माझ्याकडे वळले. "पाव्हना, असा खर्च कराले मन पायजे," म्हणाले.

बायकोनं माझ्याकडे पाहिलंही नाही. बट्टी कुस्करता कुस्करता ती बायांना सांगत होती, की पहाटे पाणी आधी काळं असतं, मग राखेसारखं होतं, आणि ऊन आलं की खुर्चीवर ठेवलेल्या आपल्या पायांवरसुद्धा ते हलताना दिसतं. बाया जेवायच्या थांबल्या होत्या. तुपाचं भांडं धरून मीही तिथंच उभा राहिलो आणि आमच्या गॅलरीतून समुद्र कसा दिसायचा ते ऐकत राहिलो.