एकच नाव, तरी बिनविरोध नाही

ऐंशीच्या दशकात मी इलिनॉयमधल्या एका काउंटीच्या कोर्टात कोर्ट रिपोर्टर होते. म्हणजे तिथे कुणीही काहीही बोललं की ते शब्दन् शब्द मशीनवर टिपायचं आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप. माझ्यासारख्या बडबडीला ही नोकरी कशी मिळाली, हे माझ्या नवऱ्याला अजून कळलेलं नाही.

आमचे जजसाहेब पहिल्यांदा रीतसर निवडणूक लढवून आले होते. पुढे दर सहा वर्षांनी मतपत्रिकेवर त्यांचं एकट्याचं नाव यायचं आणि प्रश्न असायचा, यांना ठेवायचं का? शंभरातल्या साठांनी हो म्हटलं तर खुर्ची राहणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा. त्या वर्षी मतदान तोंडावर असताना एक चोरीची केस आली. पोलिसांनी वॉरंटशिवाय घराची झडती घेतली होती. निकाल मतदानानंतर द्या, असं एका मित्राने साहेबांना सुचवलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिला. झडतीत मिळालेला पुरावा बाद झाला, आरोपी सुटला आणि पेपरवाले तुटून पडले. वर साहेबांनी आम्हाला बजावलं, "स्टाफपैकी कुणीही माझ्यासाठी मत मागायचं नाही."

त्याच आठवड्यात शाळेच्या कॅफेटेरियात इथल्या मराठी मंडळाची दिवाळी होती. नुकतेच सिटिझन झालेले आमचे लोक चिवडा खात मतदानावर बोलत होते. एक इंजिनिअर म्हणाले, "खाली जजेसची नावं आहेत ना, तिथे अपोझिशनच नाही. म्हणजे बिनविरोध! मी ते सगळं स्किप करणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचे लोक कागद कोरा ठेवणार आणि चिडलेले तेवढे मुद्दाम जाऊन 'नाही' म्हणणार!

"तसं नसतं," म्हणत मी नियम समजावून सांगितला. नाव कुणाचंही घेतलं नाही.

"मग तुझ्या जजला यस म्हणायचं ना?" एका मावशींनी विचारलं.

"ते मी नाही सांगू शकत."

"अगं, खाल्ल्या मिठाला तरी जाग!"

मावशींचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

तेवढ्यात नागपूरकडचे एक डॉक्टर काका बोलले. बिल्डरशी झालेल्या भांडणात ते आमच्याच कोर्टात केस हरले होते.

"माझा ॲक्सेंट ऐकून समोरचा वकील हसला, तेव्हा ह्या जजने त्याला थांबवलं. म्हणाला, डॉक्टरांना पूर्ण बोलू द्या. हरलो यार मी! पण ह्या देशात माझं सगळं म्हणणं कुणी पहिल्यांदाच ऐकून घेतलं. मी मतपत्रिकेवर यसचंच भोक पंच करणार."

साहेबांचं ते वाक्य मीच टिपलं होतं. टिपताना त्याची किंमत मला कळली नव्हती.

साहेब राहिले, थोडक्यात राहिले. निकालाच्या दुसऱ्या सकाळी ते नेहमीसारखे आत आले आणि पुकारा झाला तसे सगळे उभे राहिले. एरवी मी नियम म्हणून उभी राहायचे. त्या दिवशी अभिमानाने ऊर भरून आला होता. साहेब बसले, वकील बसले, अख्खं कोर्ट बसलं, तरी मी उभीच.