थोरल्या बाईंची भूक

फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत लेकरांची वजनं करत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. फोनवर मोठ्या दिरांचं नाव दिसलं आणि मी वजनकाटा तसाच सोडून उठले, कारण भावजी मला कधी फोन करत नाहीत. काही सांगायचं असलं तर माझ्या जाऊबाईंनाच करायला लावायचे. "सुनंदा, घरी ये," एवढंच ते म्हणाले. मी घाईघाईनं विचारलं, "बाईंची शुगर उतरली का? साखरेचं पाणी द्या, मी आलेच." ते म्हणाले, "साखरेचं काम न्हाई राह्यलं आता."

त्याला सात आठवडे झाले. थोरल्या बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, वत्सलाबाई. वय बावन्न. त्या सकाळी शेळ्यांना पाणी दाखवून आल्या, ओट्यावर टेकल्या, छाती भरून आली म्हणाल्या आणि गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, असं बाळापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. लोकांनी ते ऐकलं आणि मान्य केलं. माझ्या मनात मात्र एक शंका बसली ती हलेना. बाईंच्या कानाला रोज सकाळ-संध्याकाळ मी एक यंत्र लावत होते. त्यातून बारीक करंट जायचा. तो लावणारा हात माझा होता.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या अलीकडं, आतल्या रस्त्यावर. घरात मेंढरं, शेळ्या आणि थोडी शेती. मी लग्न होऊन आले तेव्हा घराची सगळी सूत्रं बाईंच्या हातात होती, आणि मला त्यांची भीती वाटायची. बोलणं तोडून. भाकरी जाड झाली तर "ही मेंढरानं खायची का माणसानं?" असं चारचौघांत विचारायच्या. पण जनावराच्या पोटाचं त्यांना जेवढं कळायचं तेवढं पंचक्रोशीत कुणाला कळत नसेल. शेळीच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून धरायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "हिचं पोट चालून राह्यलं," नाहीतर, "पोट बसलं हिचं, आज चारा बंद." कळमनुरीच्या बाजारात जनावर घेताना लोक त्यांना मुद्दाम सोबत न्यायचे.

त्यांना शुगर होती वीसेक वर्षांपासून, इन्सुलिनही चालू होतं. तीन वर्षांपूर्वी उलट्या सुरू झाल्या. सकाळी खाल्लेली भाकर संध्याकाळी जशीच्या तशी बाहेर पडायची. दोन घास खाल्ले की पोट तट्ट. कुणी पित्त म्हटलं, कुणी बाहेरची बाधा म्हटली, एका नातलगानं तर लिंबू उतरवून टाकायला लावलं. बाई सगळं करून मोकळ्या झाल्या. वाळत मात्र चालल्या होत्या.

एका दुपारी त्या तळ्याच्या कडेला शेळ्यांमधे पडलेल्या मला सापडल्या. अंग घामानं निथळत होतं आणि दात घट्ट मिटलेले. जेवायच्या आधी त्यांनी इन्सुलिन घेतलं होतं. पण खाल्लेलं पोटातच अडकून राहिलं, पुढं सरकलंच नाही. औषधानं आपलं काम केलं आणि साखर पार खाली गेली. हिरड्यांना गूळ चोळून, हाका मारून मी त्यांना शुद्धीवर आणलं. त्या दिवसापासून मला जेवणाची धास्तीच बसली... म्हणजे माझ्या नव्हे, त्यांच्या जेवणाची. त्यांच्या ताटाकडं बघताना वाटायचं, हा घास उतरेल का? का उलटेल? इन्सुलिन आता द्यावं का थांबावं? त्या जेवायला बसल्या की माझा जीव टांगणीला लागायचा आणि तो पुढचे तीन-चार तास खाली यायचा नाही.

शेवटी नांदेडला नेलं. पोटाच्या डॉक्टरीणबाई होत्या, बोलायला साध्या. त्यांनी खुणेचं औषध मिसळलेली इडली बाईंना खायला दिली आणि ती पोटातून किती वेळानं पुढं जाते याचे चार तास थोड्याथोड्या वेळानं फोटो घेतले. चार तासांनंतरही निम्म्याहून जास्त इडली जागच्या जागी होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मेंदूकडून एक लांब नस पोटापर्यंत येते, पोटाला हल म्हणून सांगणारी. शुगरनं तीच दुबळी झालीय. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे शेळीनं रवंथ सोडल्यावानी. मी तर कवाच वळखलं होतं. मला वाटलं माणसाला तसं होत नसल." डॉक्टरीणबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या.

जेवण बदललं. थोडं थोडं, मऊ, दिवसातून सहा वेळा. इन्सुलिन जेवणानंतर, साखर तपासून. पोट हलवायच्या गोळ्या दिल्या. त्यातल्या एकीनं हातापायांना असा अस्वस्थपणा यायचा की बाई एका जागी बसू शकत नव्हत्या. ती बंद केली. दुसरीनं फारसा फरक पडला नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्या यंत्राचा विषय काढला. मोबाइलएवढी डबी, तिला वायर आणि वायरीच्या टोकाला चिमटा. चिमटा कानाला लावायचा; त्या लांब नसेची एक फांदी कानाच्या कातडीत येते, तिला तिथून हलकेच जागं करायचं. काप नाही, सुई नाही. "हे अजून नवं आहे," त्या स्पष्टच म्हणाल्या. "काहींना आराम पडतो, काहींना नाही. मी खात्री देणार नाही." आधी हृदयासाठी छातीची पट्टी, ईसीजी, काढून बघितली, मग यंत्र हातात दिलं.

मी घाबरले. ओल्या हातानं बटण लावलं तरी झटका बसतो, आणि हे तर कानाला, डोक्याच्या एवढं जवळ! मी म्हणाले, "बाई, घरी विचारू, मग ठरवू." बाई माझ्यावरच उखडल्या. "काय विचारायचं? सरकारी माणसं येऊन आपल्या शेळ्यांच्या कानाला बिल्ले ठोकतेत, एक तरी मेली का? लावा म्हणा."

तर दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. खिडकीजवळच्या खाटेवर त्या बसायच्या. मी कान पुसायचे, चिमटा लावायचे आणि करंट एकेक पायरी वाढवत विचारायचे, "कळलं का? दुखतंय का?" "कळून राह्यलं, दुखत न्हाई," त्या म्हणायच्या. तिथंच थांबायचं. डॉक्टरीणबाईंनी एक वही दिली होती: किती घास खाल्ले, पोट किती गच्च वाटलं, उलटी झाली का. बाईंना लिहिता येत नव्हतं. त्या सांगायच्या, मी लिहायचे. पहिल्या पंधरवड्यात उलट्या रोजच्या होत्या. मग एकाएकी कमी झाल्या. एक दिवसाआड, आठवड्यात एक, मग सलग नऊ दिवस शून्य. मी हरखून गेले. माहेरी फोन करून सांगितलं.

दहाव्या दिवशी मी अंगणवाडीतून लवकर घरी आले. गोठ्यामागं बाई भिंतीला हात टेकून वाकल्या होत्या. उलटी करून त्यांनी पायानं माती ओढली, तोंड धुतलं आणि वळल्या तर समोर मी. माझा तोल सुटला. "बाई, वहीत खोटं लिहायला लावलं तुमी मला! डॉक्टर ते वाचून इन्सुलिन ठरवतेत. परत तळ्यावर पडल्या असत्या म्हंजे? काहून असं केलं?"

त्या खाली बसल्या. इतकी वर्षं त्यांना बघत आले होते, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. "तुझ्यामुळं केलं. मी घास उचलला की तू अशी बघतीस, जसं मढं उठून जेवाय लागलं. उलटी झाली म्हटलं की तुझं तोंड एवढंसं होतंय. मग तू बी जेवत न्हाईस. घरातलं दुसरं माणूस उपाशी ठिवून मी काय बरी होऊ?"

मी रडले. आतापर्यंत मला वाटत होतं, मी काळजी करते म्हणजे त्यांचा भार उचलते. उलट माझी काळजीच त्यांना सांभाळावी लागत होती, उलटी लपवायला त्या गोठ्यामागं जात होत्या. त्या संध्याकाळी आम्ही वहीतली नऊ दिवसांची खोटी शून्यं खोडली. त्या आठवून सांगत गेल्या, मी लिहीत गेले. उलट्या पूर्वीपेक्षा कमी होत्या, पण होत्या. मी एकच ठरवलं: काहीही ऐकलं तरी चेहरा बदलू द्यायचा नाही. "उलटी?" "झाली." "किती?" "दोन." "बरं." असं. सोपं नव्हतं. पण त्यानंतर त्या माझ्यासमोर जेवायला लागल्या, माझ्याकडं न बघता.

आणि मग हळदीचे दिवस आले. गावभर शिजलेल्या हळदीचा वास सुटला होता. एका दुपारी बाई अंगणवाडीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, काहीतरी झालं. मी हातातलं पातेलं खाली ठेवून उठले. त्या म्हणाल्या, "सुनंदा, लेकरांची खिचडी उरली का गं? भूक लागली."

दोन वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्या खायच्या ते घड्याळ बघून, औषध घ्यावं तसं. भूक... मी मान खाली घालून वाटीत खिचडी वाढली, कारण चेहरा बदलू द्यायचा नव्हता. त्यांनी ती संपवली आणि वाटीला बोट लावून चाटलं. तीन तास मी लेकरांना चुकीच्या कविता शिकवल्या असतील. काही उलटलं नाही.

पूर्ण बऱ्या झाल्या असं नाही. मधेच वाईट आठवडे यायचे. तो गुण यंत्राचा, का जेवण बदलल्याचा, का कशाचा, ते डॉक्टरीणबाईसुद्धा ठामपणे सांगत नव्हत्या. पण अंगावर मूठभर मांस आलं आणि त्या परत शेळ्यांमागं जायला लागल्या. माझ्या भाकरीला नावं ठेवायला लागल्या. आठ-नऊ महिने आम्हाला तसे मिळाले.

परवा मी यंत्र परत करायला नांदेडला गेले. खरं तर विचारायला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं. म्हणाल्या, एवढ्या करंटनं हृदय बंद पडत नाही. इतक्या वर्षांच्या शुगरनं ते आतून थकत आलं असणार, आणि अशांना ते आधी दुखून सांगतही नाही. "तुम्ही बरोबर लावत होता." मी मान डोलावली. डोक्याला पटलं. पण अजूनही पहाटे डोळा उघडला की पहिला विचार तोच येतो, आणि यापुढंही येत राहील असं वाटतं. संध्याकाळी पाच वाजले की मी अजून त्या खाटेजवळ जाते. चादर सरळ करते आणि परत फिरते.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती, सेनगावकडची, सोबत हडकलेला नवरा. डबी बाहेरच्या टेबलावर जमा करायची होती, म्हणून अजून माझ्या हातातच होती; तिनं ती ओळखली. तिच्या नवऱ्यालाही तेच सुचवलं होतं. "करंट लागतो का हो?" तिनं विचारलं. तिचा चेहरा बघितला आणि मला माझाच चेहरा दिसला. मी म्हणाले, "कळतो, पण दुखत न्हाई. त्यांच्याकडं बघताना घाबरू नका तेवढं."

"तुमच्या माणसाला गुण आला का?"

"थोडा आला, माझ्या जाऊबाईंना."

"आता कशा हायत त्या?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिच्या नवऱ्यानंही मान वर केली होती. पण वहीतली ती खोडलेली शून्यं मला आठवली. मी सांगितलं, त्या गेल्या, सात आठवडे झाले, हृदयानं गेल्या, ह्यानं नव्हे. चेहरा बदलू न देता सांगितलं. नवऱ्याच्या गुडघ्यावर तिचा हात होता, तो तसाच होता. मग हळूच म्हणाली, "पण... जेवत होत्या का शेवटी?"

"व्हय," मी म्हणाले. "त्या दिवशी सकाळी दूध-भाकर कुस्करून खाऊनच शेळ्यांकडं गेल्या. उपाशी न्हाई गेल्या."

आतून तिच्या नवऱ्याचं नाव पुकारलं. तिनं त्याला दंडाला धरून उठवलं आणि दोघं आत गेली.