डब्याचा कारकून

इतिहासात पीएच.डी. करते आहे, त्यामुळे कादंबऱ्या मी चोरून खाल्ल्यासारख्या वाचते. दिवाळीपासून तीन झाल्या. पहिलीत लेखकाला इतकं शहाणपण सुचलं होतं की पात्रांना तोंड उघडायला जागाच उरली नव्हती. दुसरी शंभर पानं नुसती रेंगाळली, तरी सोडवेना. तिसरी मात्र मनात घर करून बसली. तिच्यातल्या कारकुनाची नोकरी जाते, पण घरी कळू नये म्हणून तो रोज डबा घेऊन निघतो आणि कचेरीसमोरच्या ओट्यावर बसून राहतो.

माझा प्रबंध बडोदे संस्थानातल्या कारकुनांवर आहे. दप्तरात त्यांच्या बदल्या, रजेचे अर्ज, साहेबांचे ताशेरे, सगळं सापडतं. माणूस सापडत नाही. कादंबरीकारांचा मला हेवा वाटतो आणि रागही येतो. त्यांना कुणी पुरावा मागत नाही.

वाचलेलं कार्डावर टिपायचं, वर फाइलचा नंबर घालायचा, ही आमची पद्धत. तो कारकूनही मी सवयीने टिपला, नंबराशिवाय. कार्ड गठ्ठ्यात गेलं आणि दोन महिन्यांनी कारकून थेट माझ्या प्रकरणात येऊन बसला. बाबांना प्रकरण वाचून दाखवलं, तर म्हणाले, "एवढा एकच माणूस जिवंत वाटतो बघ."

माझ्या गाइड मॅडमनी नेमका तोच परिच्छेद लाल केला आणि हा कुठून आणला, असं गुजरातीत विचारून फाइलचा नंबर मागितला. "आ क्यांथी? फाइल नंबर आपो."

सयाजीगंजात चहाच्या टपरीवर बसून सगळी कार्डं उपसली. कोरा कोपरा दिसला आणि लख्ख आठवलं. लाजेने कान तापले. परिच्छेद काढला, तसं प्रकरण अगदीच सपक झालं. फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "तो डब्याचा कारकून ठेवलास ना?"

"काढला. खोटा होता, बाबा."

आई आत कणीक मळत होती. बाबांनी आवाज खाली आणला.

"खोटा कसा? तू दुसरीत होतीस तेव्हा कंपनीने काढलं होतं मला. दुसरीकडे लागेपर्यंत दोन महिने रोज करजणला जाऊन एसटी स्टँडवर बसायचो. तिथे कोण ओळखतंय!"

माझा हात सवयीने कार्डाकडे गेला. तो मी मागे घेतला.

"डबा खायचात?"

"खावाच लागायचा. उरला असता तर तुझ्या आईला कळलं असतं."