गळ्यातून गेलेली हाक

दोन हजार तेवीस साल. आधार कार्डावर माझं वय एकाहत्तर. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या गळ्यावरच्या दोन काळ्या डागांवर बोट ठेवलं.

"आजोबा, हे काय?"

"डाग दिलाय. इळा तापवून."

"कोणी दिला?"

"मीच. आरशात बघून."

आम्ही मंद्रूपकडचे मेंढपाळ. मेंढराला काही झालं की तापल्या इळ्याचा, म्हणजे विळ्याचा, डाग द्यायचा, ही आमची रीत. माझा घसा पाच महिने बसलेला. काढा झाला, हळद झाली. मग म्हटलं, मेंढराला चालतं ते मला का चालू नये? त्या डागाच्या भरवशावर आणखी दोन महिने घालवले.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नाकातून बारीक नळी घशात घातली. नळीच्या टोकाला कॅमेरा असतो. याला एंडोस्कोपी म्हणतात. माझाच घसा मला पडद्यावर दाखवला. आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी वाढलेलं.

"हे स्वरयंत्र. आवाज इथं तयार होतो. मला हा कॅन्सर वाटतोय. तुकडा काढून तपासू."

तुकडा तपासणं म्हणजे बायोप्सी. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. बाईंचं खरं निघालं.

मी दुसरीपर्यंत शिकलो. हे लिहायला मला चार महिने लागले. तरी लिहितोय, कारण माझ्यासारखे हट्टी अजून असतील. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसला, तर इळा तापवू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा. आणि विडी सोडा. मी पन्नास वर्षं ओढली.

बाई म्हणाल्या, "लवकर आला असता तर लेसरनं तेवढंच काढलं असतं, आवाज राहिला असता. आता पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. टोटल लॅरिंजेक्टॉमी. श्वास गळ्यावरच्या भोकातून घ्यायचा."

मी उठलो, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि घरी आलो.

तुम्ही म्हणाल, जिवापेक्षा आवाज मोठा का? तर ऐका. आमच्यात प्रत्येक घराची हाक वेगळी असते. माळावर तीन कळप एकमेकांत मिसळले, तरी मी एकदा "हुर्रऽऽ ये ये" केलं की माझी चाळीस मेंढरं माना वर करून वेगळी निघायची. दुसऱ्याचं एक येत नसे, माझं एक राहत नसे. ती हाक माझ्या बापाची. मुलगा बिरू अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. त्याला मी ती शिकवली नाही आणि त्यानंही मागितली नाही.

अकरा दिवस मी मेंढरांमागं फिरलो. बाराव्या दिवशी चढावर दम कोंडला आणि मी दगडावर बसलो. मेंढरं लोकाच्या ज्वारीत शिरली. हाक द्यायला तोंड उघडलं, तर नुसती शिट्टीसारखी हवा. त्या शेतवाल्यानं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी बिरूच्या मोटरसायकलवर मागं बसून परत दवाखान्यात.

बाईंनी मला एका चादरीच्या व्यापाऱ्याकडं नेलं. तोही तपासणीला आलेला. त्याच्या गळ्याला तसंच भोक. त्यानं रुमालाआड त्यावर बोट ठेवलं आणि खरखरीत आवाजात बोलायला लागला.

"घाबरताय कशाला पाव्हणं? एक वर्ष झालं. बायकोसंगं भांडण करतो की रोज!"

बाईंनी समजावलं, "पूर्वी असे बरेच पेशंट मुके राहायचे. आता श्वासनळी आणि अन्ननळीच्या मधे छोटा व्हॉल्व्ह बसवतो. व्हॉइस प्रोस्थेसिस. बोटानं भोक बंद केलं की हवा व्हॉल्व्हमधून घशात जाते आणि आवाज होतो."

मी विचारलं, "हाक देता येईल?"

बाई म्हणाल्या, "बोलता येईल. हाकेचं मी खोटं सांगणार नाही."

त्या एका वाक्यावर मी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन दिवसभर चाललं. बारा दिवस नाकातल्या नळीनं पातळ अन्न. मग जखम भरल्यावर सहा आठवडे रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक. घसा आतून भाजून निघायचा. बोलणं पाटीवर. माझी बायको पाटी पुसत म्हणायची, "पन्नास वरसं मला गप बस म्हणालात. आता तुमी बसा की." आणि पदर तोंडाला लावून बाहेर जायची.

आवाज गेल्याचं मला माहीत होतं. वास जातो हे मी मनावर घेतलं नव्हतं. श्वास नाकातून जात नाही, म्हणून वासही येत नाही. एकदा बायको घोंगडं घेऊन आली. मी ते तोंडावर ओढलं. मेंढरांचा, लेंड्यांचा, पावसात भिजलेल्या लोकरीचा वास त्यात असणार. मला काहीच आलं नाही. ऑपरेशनला रडलो नव्हतो, तेव्हा रडलो. रडण्याचाही आवाज नाही.

रेडिएशननंतर काही आठवड्यांनी व्हॉल्व्ह बसवला. बोलायला शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "आजोबा, नाव सांगा." मी तोंड मिटून बसलो. तसल्या आवाजात माझं नाव घ्यायची मला लाज वाटली. चौथ्या दिवशी बिरू म्हणाला, "आबा, रविवारी मेंढरं घ्यायला व्यापारी येतोय. हाक न्हाय तर मेंढरं राखणार कोन? आई राखून राखून थकली."

मी भोकावर बोट ठेवलं. "न्हाय इकायची."

ऑपरेशननंतरचे माझे पहिले शब्द हे. ताईंनी टाळी वाजवली. बिरूनं मान खाली घातली.

शनिवारी घरी आलो. दिवस मावळायच्या आत बांधावर उभा राहून हाक दिली. शाळेच्या घंटेला चीर पडावी तसा आवाज. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. माझी सगळ्यात जुनी मेंढी माझ्याकडं पाठ करून चरत राहिली. बायको भाकरी वाढून बसली होती. मी जेवलो नाही.

पण पडल्यापडल्या एक गोष्ट लक्षात आली. मी दवाखान्यात असताना चौदा कोकरं जन्मली होती. त्यांनी माझा जुना आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्यांच्या लेखी माझा आवाज हाच.

बाईंना, ताईंना, त्या चादरवाल्याला माझा नमस्कार. जुनी हाक मला अजून स्वप्नात ऐकू येते. उठल्यावर ती नसते. ते दुःख जाणार नाही, जाऊही नये.

रविवारी सकाळी मी घमेल्यात मक्याचा भरडा घेतला आणि कोकरांच्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, गेलो. आधी हाक, मग भरडा. बापानं शिकवलं होतं तसं. चार वेळा केलं. पाचव्या वेळी घमेलं बाहेर ठेवलं, रिकाम्या हातानं लांब जाऊन उभा राहिलो आणि हाक दिली. एक काळं कोकरू आलं. मग त्याच्यामागं आणखी दोन. वाघरीबाहेर त्यांच्या आया ओरडायला लागल्या. मी जाळी उचलली. कोकरं माझ्यामागं, आया कोकरांमागं, आणि आयांमागं बाकीचा कळप. बिरू दारात फोन घेऊन उभा होता. मी बोट ठेवून म्हटलं, "त्या व्यापाऱ्याला नको म्हन," आणि माळाची वाट धरली.