जहाजावर भाड्याने घेतलेली दुपार

कोल्हापूरकरांनो, जहाजावरच्या कॉम्प्युटरवरून लिहितेय. डोळ्यांसमोर अजून पाणीच हलतंय.

आज आम्ही डेकवरचा कबाना भाड्याने घेतला. म्हणजे पांढऱ्या पडद्यांची छोटी खोली, दोन आरामखुर्च्या आणि समोर नुसता समुद्र. हट्ट माझाच. शिवाजी पेठेतल्या भरल्या घरात लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे निवांत कधी बसलोच नव्हतो.

पण आमच्या ह्यांना कुठलं राहवतंय! वाटेकडचे पडदे बांधून ठेवले आणि जाईल त्याला हाक, "या पावणं, बसा की!" मराठीचं अक्षर न कळणारी गोरी माणसंसुद्धा आत येऊन आजऱ्याचे काजू खात बसली. मी फुगून समुद्राकडे बघत राहिले.

उन्हं उतरली. पाणी काकवीसारखं सोनेरी आणि संथ झालं. पावणे गेले. मी पिशवी उचलली, तर ह्यांनी उठून वाटेकडचे पडदे सोडले आणि शेजारी बसून माझा हात धरला.

तेवढ्यात पडद्याबाहेर पावलं वाजली. हे हळूच म्हणाले, "कोण आलं तर सांग, न्हाईत घरात म्हणून."

तुमच्या घरी कुणी असं खोटं बोलायला सांगितलंय का हो? मला आज पहिल्यांदाच सांगितलं.